प्रगणकाला आधी विचारायला शिकवा!

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राने जातगणनेचा निर्णय जाहीर केला आणि आपल्याकडे पेढे वाटले गेले. पण मोजणार कोण? बहुतेक गावांत जिल्हा परिषदेचे शिक्षक. सर्वेक्षणाच्या प्रशिक्षणांत आम्ही जे पाहत आलो ते असे: ॲप कसे उघडायचे, लॉगिन कसे करायचे, माहिती कशी पाठवायची. दारात उभे राहून धर्म आणि जात कशी विचारायची, यावर पाच मिनिटेही नाहीत.

याचा परिणाम देशाने भोगला आहे. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात सर्वेक्षणात ४६ लाखांहून अधिक नावे आली! केंद्रानेच २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे सांगितले. कुणी पोटजात लिहिली, कुणी कुळ, कुणी आडनाव. एकच जात दहा तऱ्हांनी लिहिली गेली. जातीचे आकडे बासनात गेले. त्याच सर्वेक्षणातील बाकीच्या माहितीवर मात्र घरकुल आणि आयुष्मान भारतच्या याद्या ठरल्या. म्हणजे दारात चुकलेली एक नोंद पुढे छपराला आणि दवाखान्याला नडते.

बौद्धांचे नुकसान दुहेरी होते. आडनाव ऐकून काही जण न विचारताच 'हिंदू' लिहून मोकळे होतात. दुसरे म्हणतात, बौद्धांना जात नसते, आणि रकाना कोरा सोडतात. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. अनुसूचित जातींच्या यादीत 'बौद्ध' नावाची जात नाही. त्यामुळे धर्म बौद्ध आणि जात यादीतील, अशा दोन्ही नोंदी लागतात. आपल्यातीलच काही जण म्हणतात, जात लिहूच नका. त्यामागची भावना आम्हाला कळते. पण कोऱ्या रकान्याने जात जात नाही, अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाचा निधी तेवढा जातो, कारण तो लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रशिक्षणातील एक दिवस वस्तीत, प्रत्यक्ष घरोघरी सरावाचा असावा. प्रश्न मोठ्याने विचारावा, सरपंचाच्या ओट्यावर बसून उत्तरे भरू नयेत, आणि भरलेली नोंद घरच्यांना वाचून दाखवावी. तालुक्याचे प्रशिक्षण कधी आहे, हे तरुणांनी तहसील कार्यालयात जाऊन विचारावे, लेखी निवेदन द्यावे आणि पोच घ्यावी. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तोवर घरातल्या आजीकडूनही दोन्ही उत्तरे पाठ करून घ्या. दुपारी दार तीच उघडते.