दंतवैद्याची भीती कोण पेरतो?

गतवर्षी माझ्या वर्गातील आठ वर्षांचा एक मुलगा सलग चार दिवस आपला डबा न उघडता घरी नेत होता. पाचव्या दिवशी त्याचा गाल सुजला आणि दाढ किडल्याचे उघडकीस आले. "दुखते हे आधी का सांगितले नाहीस?" असे विचारता तो क्रिओलीत पुटपुटला, "गुरुजी, तुम्हीच म्हणाला होता ना, गोड खाल्ले तर दंतवैद्य दात उपटील!" मी निरुत्तर झालो. त्या लज्जेतूनच हे चार शब्द लिहीत आहे.

मुलांच्या मनात ही भीती बव्हंशी आपणच पेरतो. माझ्या आजोबांना साखरेच्या मळ्यावर दात दुखला की लवंग दाबून धरणे आणि अखेरीस दात काढून घेणे, एवढेच ठाऊक होते. ती आठवण आपण धाक म्हणून मुलांपुढे ठेवतो. मग मूल दुखणे लपविते, कीड खोल जाते, पहिलीच भेट असह्य वेदनेत घडते आणि भीती खरी ठरते. वस्तुतः कीड लहान असता दात भरून वाचविता येतो; आणि मॉरिशसच्या सरकारी इस्पितळांत उपचारास पैसाही पडत नाही.

'दुधाचा दात आहे, पडेलच,' हा दुसरा घातक समज होय. सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात.

तिसरी गोष्ट साखरेची. 1834 साली येथे सुरू झालेल्या गिरमिटप्रथेत आपले पूर्वज ज्या उसासाठी आणले गेले, त्याचीच साखर आज मुलांच्या बाटलीत आहे. तोंडातील जंतू साखरेचे आम्ल करतात व ते दाताचे कवच झिजविते. किती खाल्ले याइतकेच किती वेळा खाल्ले यालाही महत्त्व आहे. गणेशोत्सवातील जेवणाबरोबरचा मोदक दातांचा वैरी नव्हे. दिवसभर घोट-घोट प्यालेले गोड पेय मात्र आहे. 2013 साली सरकारने अशा पेयांवर साखरेच्या प्रमाणात कर बसविला; पण घरातील शिस्त करातून येत नाही.

तेव्हा पालकांस विनंती अशी की, काही दुखत नसतानाच मुलास दंतवैद्याकडे न्यावे. त्याचे नाव धाकासाठी घेऊ नये. तसेच 'मुळीच दुखणार नाही' असे खोटे वचनही देऊ नये. आधी सांगावे, मग उपकरण दाखवावे आणि त्यानंतरच हात लावावा, ही रीत मुलांचे चांगले दंतवैद्य पाळतात. त्यांना तेवढा अवसर द्यावा. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा, त्यातही रात्री निजण्यापूर्वी अवश्य, दात घासावेत. सात-आठ वर्षांपर्यंत वडील माणसाने जवळ उभे राहावे. आपल्या मंडळांनीही मराठीच्या वर्गात वर्षातून एकदा दंतवैद्यास बोलवावे. तपासणीसाठी नव्हे, केवळ ओळखीसाठी.

त्या मुलाची दाढ काढावी लागली. ती कायमची होती. पुन्हा येणार नाही. वर्गात मी तो धाक आता घालीत नाही. घरी आपणही घालू नये, एवढेच मागणे.