नगद नारायणाची बाजू

हल्ली शहाण्या माणसाची एक नवी व्याख्या रूढ झाली आहे. ज्याच्या खिशात पैसे नसतात तो शहाणा! पूर्वी अशा माणसाला भणंग म्हणत आणि त्याला उधार देताना वाणी दहा वेळा विचार करी. आता तो ऐटीत दुकानात शिरतो, पाकिटातून प्लास्टिकची एक पट्टी काढतो, ती यंत्राला टेकवतो आणि "मी रोकड बाळगतच नाही" हे वाक्य अशा सुरात उच्चारतो, की जणू "मी मद्याला शिवत नाही" असेच सांगत आहे. शेजारी कमरेची पिशवी सोडून दहाच्या नोटा मोजणारी म्हातारी तेवढ्यात उगाच ओशाळी होते. या लेखात मला त्या म्हातारीची वकिली करायची आहे.

आधीच सांगतो, मी मॅट्रिकपुढे न गेलेला मास्तर असलो तरी यंत्राचा वैरी नव्हे. माझा पगार बँकेत जमा होतो. कार्ड माझ्याही खिशात आहे. परगावी शिकणाऱ्या मुलाला पैसे धाडण्यासाठी मनीऑर्डरचा फॉर्म भरत बसावे लागत नाही, याचा आनंद मलाही आहे. मोठ्या रकमेला, लांबच्या पल्ल्याला कार्ड चांगले. पण कार्ड चांगले म्हणून रोकड वाईट, हा न्याय कुठला? मोटार आली म्हणून कोणी पाय कापून टाकत नाही.

नोट आणि कार्ड यांतला फरक फार साधा आहे. नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर धारकाला तेवढे रुपये देण्याचे वचन देतात. 'धारकाला' हा शब्द ध्यानात घ्या. ज्याच्या हाती नोट त्याची ती. त्याचे नाव, गाव, जात, आधार क्रमांक कोणी विचारीत नाही. उलट कार्डावर तुमचे नाव ठसठशीत उमटलेले असते, पण पैसा मात्र तेथे नसतो. कार्ड म्हणजे एक अर्ज आहे. दर वेळी तो अर्ज दुकानातल्या यंत्राकडून मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याकडे, तेथून कुठल्या तरी गणकयंत्राकडे, तेथून तुमच्या बँकेकडे जातो आणि सर्वांनी माना डोलावल्या तर तुम्हाला पावशेर मिरच्या मिळतात. एकाने मान हलवायचे नाकारले की तुमच्या खात्यात लाख रुपये असोत, तुम्ही त्या क्षणी निर्धनच.

मुंबईत हे हसण्यावारी नेता येते. आमच्याकडे नाही. मी राहतो पाचाडला, रायगडाच्या पायथ्याशी. आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलखात पाऊस हा पाहुणा नसतो, तो चार महिने घरचा मालकच असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात घुसले आणि विजेचे खांब पाडून गेले. कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात बसली. पुढच्याच वर्षी, २१ जुलैच्या रात्री, सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. वीज गेली, मोबाईल मुके झाले. दुसऱ्या दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली, आणि ती बातमी बाहेर पोचायलाही वेळ लागला. त्या दुःखाशेजारी पैशाची गोष्ट काढताना जीभ अडखळते. पण जे जगले त्यांना दुसऱ्या दिवशी दूध हवे होते, मेणबत्त्या हव्या होत्या, आजाऱ्याला नेण्यासाठी गाडी हवी होती. जेथे वीज नाही तेथे कार्डाचे यंत्र चालत नाही आणि एटीएमही चालत नाही. नोट चालते. ती भिजली तर वाळवता येते, आणि फाटली-मळली तर बँक नियमाप्रमाणे बदलूनही देते.

कोणी म्हणेल, "मास्तर, हे तुमच्या डोंगराचे रडगाणे झाले." तर मग डोंगर सोडून बोलू. ३१ जुलै २०२४ रोजी सहकारी आणि ग्रामीण बँकांना गणकयंत्राची सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार देयकांच्या जाळ्यातून काही काळ तोडून ठेवावे लागले. ना पूर, ना वादळ. आभाळ निरभ्र असेल, आणि तरी त्या बँकांच्या खातेदारांची कार्डे लाकडाच्या चकत्यांइतकीच उपयोगी. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन सुधारलेल्या देशांची वीज भरदिवसा गेली, तेव्हा ज्यांच्या खिशात चार नोटा होत्या त्यांनाच पाव आणि पाणी घेता आले. आणि स्वीडनचे तर पाहा. युरोपात छापील बँकनोटा पहिल्यांदा काढल्या त्या याच देशात, १६६१ साली. नोटांना सर्वांआधी निरोप द्यायलाही हाच देश निघाला होता. त्याच देशाच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघर एक पुस्तिका पाठवली आणि संकटकाळासाठी काय काय जवळ ठेवावे हे सांगताना घरात थोडी रोकड ठेवा, तीही लहानमोठ्या नोटांत, असे बजावले. जे आमची आजी तांदळाच्या कणगीजवळ उभी राहून सांगत असे, तेच सांगायला युरोपातल्या सरकारला पुस्तिका छापावी लागली.

आता रोकडीवरचे आरोप घेऊ. पहिला आरोप चोरीचा. एसटीच्या गर्दीत पाकीट मारले जाते, हे खरेच. पण पाकीटमार पाकिटातले नेतो, खात्यातले नाही. आणि कार्डाला चोर शिवत नाही असे समजू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून तोतया कार्डांच्या साह्याने आणि इतर मार्गांनी ९४ कोटी रुपये पळवले गेले. आणि त्यातले पैसे २८ देशांतल्या यंत्रांतून काढले गेले. इतका मोठा हात मारण्याइतके लांब हात आमच्या महाडच्या स्टँडवरच्या कुठल्याही भुरट्याला नाहीत!

दुसरा आरोप काळ्या पैशाचा. रोकड म्हणजे काळाबाजार, असे समीकरणच काहींनी पाठ केले आहे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या. त्या वेळी १५.४१ लाख कोटी रुपयांच्या अशा नोटा चलनात होत्या. रिझर्व्ह बँकेनेच पुढे सांगितले, की त्यांतल्या १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या. मग काळा पैसा होता कुठे? ज्याच्यापाशी तो होता तो नोटांच्या थप्पीवर बसला नव्हता. जमिनीत, सोन्यात, दुसऱ्यांच्या नावांत बसला होता. रांगेत उन्हातान्हात उभ्या राहिल्या त्या डब्यातल्या चार नोटा बदलू पाहणाऱ्या बाया.

येथे प्रतिपक्षाला एक खरा मुद्दा सापडतो, आणि तो मी लपवणार नाही. सरकारने मनात आणले तर नोटही एका रात्रीत कागद होते, हे त्याच रात्रीने शिकवले. खरे आहे. पण शंभराच्या, पन्नासच्या, दहाच्या नोटा त्या रात्रीही जिवंत होत्या, आणि पुढचे कित्येक आठवडे भाजीबाजार त्यांनीच तगवला. त्यावरून घ्यायचा धडा रोकड टाकण्याचा नव्हे, लहान नोटा जपण्याचा आहे.

आणि बँकेतला पैसा अमर असतो असे तरी कुठे आहे? २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना प्रथम सांगण्यात आले, की सहा महिन्यांत हजार रुपयेच काढता येतील. मर्यादा मागाहून वाढली. पण त्या पहिल्या दिवशी मुंबईत किती घरांत कार्डावरच्या स्वतःच्या नावाकडे माणसे बघत बसली असतील!

पण या सर्वांहून मला खुपणारी गोष्ट निराळी आहे. चित दरवाज्यापासून गड चढू लागा. वाटेवर ताक, सरबत, काकडी विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात. हल्ली त्यांतल्या कित्येकींच्या पाटीलाही ठिपक्यांचा तो चौकोनी कागद चिकटवलेला दिसतो. कार्डाचेच हे धाकटे भावंड. पाहुणे कौतुकाने फोटो काढतात, "वा, देश पुढे गेला!" म्हणतात. मी विचारतो, हे खाते कोणाचे? बहुधा ते नातवाचे असते, नाहीतर मुलाचे. म्हणजे दही आजीचे, घुसळले आजीने, हंडा डोक्यावर घेऊन पायऱ्या चढली आजी, आणि पैसा पडला नातवाच्या खात्यात. संध्याकाळी तंबाखूला, नाहीतर लेकीच्या पोराला खाऊ घ्यायला तिने पोराकडे हात पसरायचा! पूर्वी ती गड उतरे तेव्हा तिच्या कमरेला दिवसाची कमाई असे. ती मोजी, लपवी, हवी तेथे खर्ची. कर्ता पुरुष दारुडा निघाला, सून वाकडी वागली, तरी त्या पिशवीच्या आधारावर कित्येक बायांनी संसार रेटले आहेत. खाते तिच्या स्वतःच्या नावाचे असले तरी पुष्कळदा कार्ड दुसऱ्याच्या खिशात आणि त्याचा गुप्त आकडा दुसऱ्याच्या डोक्यात. अक्षरओळख नसलेल्या बाईला नोट रंगावरून कळते. पिवळी ती दोनशेची, जांभळट ती शंभराची. कार्डात किती उरले हे तिला कोण सांगणार? ज्याने सांगायचे तोच मालक.

याच गडाच्या धन्याने ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक करवून घेतला तेव्हा सोन्याचा होन पाडला, आणि तांब्याची शिवराईही पाडली. होन सरदार-दरकदारांपुरता, शिवराई सर्वांची. हुंड्या त्या काळीही होत्या. सुरतेचा सावकार दूरच्या पेढीवर हुंडी लिहून देई आणि वाटेत लूट होण्याचे भय टळे. आजचे कार्ड म्हणजे त्या हुंडीचेच पणतवंड. पण हुंडी निघाली म्हणून कोणी कांद्याला हुंडी दिली नाही, आणि शिवराई बंद करा असेही कोणाला सुचले नाही.

तसे सुचण्याचे भाग्य आमच्या पिढीचे! १ डिसेंबर २०१६ रोजी ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजवण्यात आले. वडापाववाल्यापर्यंत कार्डाची यंत्रे पोचली, छायाचित्रे छापून आली. वर्षभराने वार्ताहर पुन्हा गेले तर गाव बहुतांशी रोकडीवर परतलेले. गावाला दोष देऊ नका. गावाने वापरून पाहिले आणि आपल्याला काय सोसते ते ठरवले. असे ठरवण्याची मोकळीक असणे, एवढेच माझे मागणे आहे.

ती मोकळीक आता आक्रसते आहे. टोलनाक्यांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग नसलेल्याला दुप्पट आकार सुरू झाला. म्हणजे देशाचे चलन हातात घेऊन उभे राहणे हा दंडाचा विषय झाला. उद्या हीच रीत दवाखान्याच्या खिडकीला, औषधाच्या दुकानाला, शाळेच्या फीला लागेल. आज नोट कायद्याने वैध चलन आहे. तर मग या जागी तरी ती नाकारता येणार नाही, असा स्पष्ट नियम करा. कार्ड ज्याला हवे त्याने वापरावे. पण रोकड देणाऱ्याला दार बंद नको आणि दंडही नको.

आणि वाचकहो, सरकार करील तेव्हा करील, आपल्या हातचे आपण करू. घरात पंधरा दिवसांचा किराणा आणि औषधपाणी भागेल एवढ्या लहान नोटा डब्यात असू द्या. भाऊबीजेला बहिणीच्या ताटात मोबाईलवरून रक्कम धाडू नका; ती ओवाळणी तिच्या मुठीत मावू द्या, म्हणजे ती कशाला खर्चली हे कोणाच्या मोबाईलवर वाजणार नाही. आणि दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन गडावर याल, तेव्हा महाडलाच दहा-वीसच्या नोटा सुट्या करून घ्या. वीसच्या नोटेमागे वेरूळची लेणी आहेत, ती मुलांना दाखवा. मग ताक प्या, आणि पैसे त्या आजीच्याच हातावर ठेवा.