आजारी दिसण्याची सक्ती

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. विषय आपल्या नेहमीच्या गप्पांमधला नाही, पण ज्यांची मुलंबाळं परदेशात नोकरी करतात त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

माणूस आजारी आहे की नाही हे कोणी ठरवायचं? डॉक्टरने, असं आपण म्हणू. अमेरिका-कॅनडातल्या विमा कंपन्या म्हणतात, डॉक्टरने ठरवावंच, पण घरासमोर गाडी लावून कॅमेरा रोखून बसलेल्या माणसालाही विचारावं. आणि दोघांचं जुळलं नाही तर पुष्कळदा गाडीतल्या माणसाचं खरं धरलं जातं!

आधी ही भानगड काय ते सांगते. तिकडे पुष्कळ नोकऱ्यांमध्ये दीर्घ मुदतीच्या अपंगत्वाचा विमा असतो. आजारपणामुळे काम सुटलं तर विमा कंपनी पगाराचा काही हिस्सा दरमहा देत राहते. साधारणपणे पहिली दोन वर्षं प्रश्न असा असतो की, तुम्ही तुमचं स्वतःचं काम करू शकता का? दोन वर्षांनी प्रश्न बदलतो. तुम्ही कुठलंही काम करू शकता का? हा प्रश्न बदलायच्या सुमाराला, नाहीतर कंपनीच्या डॉक्टरकडे तपासणीला बोलावलेल्या दिवशी, पाळत बसण्याचा संभव जास्त. त्या दिवशी माणूस घराबाहेर पडणार हे कंपनीला आधीच ठाऊक असतं ना! रस्त्यावरून जे दिसतं ते टिपायला तिथे सहसा कायद्याची आडकाठी नाही.

माझी भाची ओंटारियोत असते. तिला विचारूनच हे लिहिते आहे. तिला आमवात आहे. हा आजार मोठा लहरी. सकाळी बोटं इतकी आखडतात की चहाचा कप धरवत नाही, आणि एखाद्या दिवशी दुपारी बाई पोळ्याही लाटते. दिवसभर कीबोर्डवर काम करणं तिला अशक्य झालं म्हणून विम्याचे पैसे सुरू झाले, आणि दोन वर्षांनी अचानक बंद झाले. वकिलामार्फत कागद मागवले तेव्हा कळलं की कंपनीने तीन दिवस माणूस बसवला होता. पहिल्या दिवशी ती गाडीतून किराणा सामानाच्या दोन पिशव्या काढून आत नेते, मग शेजारणीशी हसून बोलते. चित्रण जेमतेम चार मिनिटांचं. पुढच्या दोन दिवसांच्या नोंदीत एकच वाक्य : हालचाल दिसली नाही. दिसणार कशी? पोरगी अंथरुणाला खिळली होती, त्या दोन पिशव्यांपायीच. पण निर्णयाच्या पत्रात चार मिनिटांवर अख्खा परिच्छेद होता आणि त्या दोन दिवसांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. कॅमेरा खोटं दाखवतो असं मी म्हणत नाही. पिशव्या तिनेच उचलल्या. पण विम्याचा प्रश्न काय होता? ती पिशवी उचलू शकते का, हा नव्हताच. आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास, न चुकता ती काम करू शकते का, हा होता. त्या प्रश्नाचं उत्तर चार मिनिटांत कसं मिळणार? आम्ही मास्तर मंडळीही तीन तासांच्या पेपरवरून मुलाचं वर्ष ठरवतो, आणि त्याबद्दल लोक आम्हाला नावं ठेवतात ते बरोबरच आहे. पण निदान आम्ही पेपरची तारीख आधी सांगतो, आणि मुलाने लिहिलेली सगळी पानं तपासतो. सोयीचं एक पान ठेवून बाकीची टोपलीत टाकत नाही.

मनाच्या आजारात तर हा प्रकार आणखी क्रूर होतो. २००९ साली क्युबेकमधल्या एका बाईंची बातमी जगभर गाजली होती. त्या नैराश्याने दीर्घ रजेवर होत्या. त्यांचे पैसे बंद झाले, आणि कंपनीने आपले फेसबुकवरचे फोटो पाहून तसं केलं असं त्यांचं म्हणणं होतं. फोटो वाढदिवसाचे, समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीचे. बाईंचं म्हणणं, मन रमवा असं मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कंपनीने सांगितलं की, आम्ही केवळ इंटरनेटवरच्या मजकुरावरून दावा नाकारत नाही. 'केवळ' हा शब्द बघा! म्हणजे बघतात हे कबूलच. डॉक्टर म्हणतो हसा, आणि हसलात तर विमा कंपनी म्हणणार बरे झालात. माणसाने करायचं काय?

आता कोणी म्हणेल, बाई, लबाड लोक नसतात का? असतात की! पाठीला पट्टा लावून पैसे घ्यायचे आणि मागच्या दाराने दुसऱ्याच्या घराची कौलं चढवायला जायचं, असे महाभाग सगळ्या देशांत असतात. त्यांना जरूर पकडा. ते पैसे इतरांच्या हप्त्यांतूनच येतात हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की, चोर पकडायचा असेल तर चोरीचा संशय घ्यायला आधी काही कारण लागतं, आणि ते कारण पुरेसं आहे की नाही हे तिऱ्हाइताने ठरवायचं असतं. इथे संशय घेणारी कंपनी, हेर नेमणारी कंपनी, चित्रण पाहणारी कंपनी आणि पैसे वाचणार तेही कंपनीचेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात सांगितलं की, दावा मान्य करायचा की नाही हे ठरवणारा आणि पैसे देणारा एकच असेल तर त्यात हितसंबंधांचा संघर्ष आहे, आणि निर्णय तपासताना न्यायालयाने तो विचारात घ्यावा. आणि लबाडीचा संशय एकाच बाजूवर का घ्यायचा? तिथल्या युनमप्रॉव्हिडंट या अपंगत्व विम्यातल्या बड्या कंपनीने २००४ साली दीड कोटी डॉलर दंड भरून आणि सुमारे दोन लाख दावे पुन्हा तपासायचं कबूल करून राज्यांशी तडजोड केली होती. तिच्या कचेरीसमोर मात्र कोणी गाडी लावून बसलं नव्हतं!

स्वित्झर्लंडची गोष्ट तर मुळातून समजून घेण्यासारखी आहे. १९९५ साली एका बाईंना मोटारसायकलची धडक बसली. पुढे वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या अहवालांवरून वाद चालला. २००६ च्या ऑक्टोबरात विमा कंपनीने चार वेगवेगळ्या दिवशी त्यांच्यावर गुपचूप पाळत ठेवली. बाई स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या, आणि १८ ऑक्टोबर २०१६ रोजी जिंकल्या. ही सरकारी योजनेतली सक्तीची विमा व्यवस्था होती, म्हणून कंपनीला मानवी हक्कांचे नियम लागू झाले. न्यायालय म्हणालं, पाळत कधी ठेवायची, किती दिवस, चित्रणाचं पुढे काय करायचं, याचे स्पष्ट नियम तुमच्या कायद्यात नाहीत.

मग काय झालं? पाळत थांबवायची सोडून २०१८ च्या मार्चमध्ये संसदेने पाळतीचा कायदाच केला! लेखिका सिबिल बेर्ग आणि त्यांच्या सोबत्यांनी सह्या गोळा करून त्यावर सार्वमत घ्यायला लावलं. २५ नोव्हेंबर २०१८ रोजी मतदान झालं आणि सुमारे ६५ टक्के लोकांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. आता तिथे सहा महिन्यांच्या मुदतीत तीस दिवसांपर्यंत पाळत ठेवता येते, आणि सार्वजनिक जागेवरून सहज दिसणारी जागाही त्यात आली. कोण कुठे जातं याचा माग यंत्राने काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. फोटो आणि आवाज टिपायला मात्र विमा संस्थेतल्याच वरिष्ठाचा हुकूम पुरतो. म्हणजे नियम झाले, पण तिऱ्हाईत काही मधे आला नाही. एक मात्र त्यांनी चांगलं केलं. पाळत ठेवली होती हे त्या माणसाला नंतर सांगावंच लागतं.

ते ६५ टक्के लोक दुष्ट नसणार. धडधाकट माणसाला वाटतं, मी कुठे काही लपवतो, मला कशाची भीती? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. अपंगत्व हे असं गाव आहे की तिथे आपण कधीही मुक्कामाला जाऊ शकतो, हे मत देताना आठवत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पाळतीआधी कंपनीबाहेरच्या कोणाची तरी लेखी परवानगी हवी. चित्रण सगळं दाखवा, काही न दिसलेल्या दिवसांसकट. ते त्या माणसावर उपचार करणाऱ्या डॉक्टरपुढे ठेवा आणि त्याचं मत घेतल्याशिवाय एक पैसाही बंद करू नका. यात कुठला लबाड सुटतो ते मला कोणी दाखवून द्यावं.

भाचीचे पैसे वर्षभर भांडल्यावर पुन्हा सुरू झाले. कंपनीच्या लेखी प्रकरण मिटलं. पण डॉक्टरांनी रोज थोडं चाला म्हणून सांगितलेली ही मुलगी आता बागेत जात नाही, खिडकीचे पडदे ओढून बसते, आणि फोनवर मला म्हणते, "मावशी, मला जरा बरं वाटलं की भीतीच वाटते." आजारी माणसाला बरं वाटण्याची भीती घालणारी ही कसली तपासणी?

नात्यातल्या मंडळींना एक विनंती. येत्या लग्नात तिचा फोटो कुठे टाकायचा असेल तर आधी तिला विचारा. आणि ती हसताना दिसली तर "आता बरी दिसतेस हो, कामावर कधी जाणार?" एवढं वाक्य तरी तिला ऐकवू नका. निदान आपल्या घरात तिला मोकळेपणाने हसू दे.