दुष्काळात तेरावा महिना

मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही आणि तेराव्या महिन्याची म्हणही नवी नाही. परंतु पंचांगातील अधिक मास सुमारे पावणेतीन वर्षांनी एकदा येतो. मोबाईल कंपन्यांच्या पंचांगात मात्र तो दरवर्षी अवतरतो. २८ दिवसांना 'महिना' म्हटले की वर्षात १३ वेळा रिचार्ज करणे आले. परभणीतील निवृत्त शिक्षकाच्या खात्यात निवृत्तिवेतन जमा होते ते १२ वेळाच!

जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढविले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. घरात चार फोन असतील, तर या दराने वर्षाचा खर्च होतो १५,५४८ रुपये. जिंतूर वा सेलूच्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने तीन क्विंटलांहून अधिक सोयाबीन केवळ फोनपायी गेले. मोंढ्यातला भाव तर त्या हंगामात बहुतांशी हमीभावाच्याही खालीच राहिला.

यावर नियम नाहीत असे नाही. किमान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दरमहा त्याच तारखेला नूतनीकरण होणारा असावा, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ च्या जानेवारीतच बजावले. पण गंगाखेडच्या दुकानात तो मागतो कोण? ज्या आजी-आजोबांना मुलाबाळांशी केवळ बोलायचे असते, त्यांच्या माथी इंटरनेट का मारावे, या प्रश्नालाही डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर मिळाले. केवळ बोलण्याचे व संदेशांचे प्लॅन सक्तीचे झाले. कंपन्यांनी ते आणले, मात्र ८४ आणि ३६५ दिवसांचे. हातावर पोट असलेल्याने एवढी रक्कम एकदम कोठून आणावी?

करमणुकीची कथा निराळी नाही. अमेझॉन प्राईमने वार्षिक शुल्क घेतलेल्या भारतीय ग्राहकांनाच १७ जून २०२५ पासून जाहिराती दाखविण्यास आरंभ केला. त्या नको असतील, तर वर्षाला आणखी ६९९ रुपये! पैसे भरून जाहिराती पाहण्याची ही शिक्षा अजबच म्हणावी लागेल. त्या मानाने आकाशवाणीचे परभणी केंद्र आणि दूरदर्शनची फ्री डिश यांना मासिक वर्गणी नाही, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

सदस्यत्व घेणे सोपे आणि सोडणे दुष्कर करून ठेवणे ही नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित प्रथा आहे. ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांकही आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो आला १९८६ मध्ये. आज कायदा आहे, नियम आहेत, क्रमांकही आहे. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी रिचार्जच्या दुकानांत ३० दिवसांच्या प्लॅनचा फलक लावण्याचा आग्रह धरला, तरी आरंभास ते पुरेसे आहे.