प्रतिजैविकाचा काळ आणि आपले अनुपान

‘अँटिबायोटिक फार उष्ण पडले, काहीतरी थंड द्या,’ अशी मागणी घेऊन येणारा रुग्ण आपणांपैकी कोणास अपरिचित असेल? पोटात आग पडते, तोंड येते, मळमळते. आणि आपणही सहजपणे कामदुधा, प्रवाळ, शंखभस्म लिहून देतो, वर दुधाचे अनुपान सांगतो. हेतू शुद्ध असतो. पण या सवयीचा आपण एकवार गांभीर्याने पुनर्विचार करावा, असे मला वाटते.

कामदुधेतील मौक्तिक, प्रवाळ, शुक्ती, शंख व वराटिका ही सारी द्रव्ये मुख्यतः कॅल्शियमयुक्त आहेत. गैरिकात लोह आहे. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके कॅल्शियम व लोहाशी आतड्यात बांधली जातात व त्यांचे शोषण घटते. दुधाचा परिणाम डॉक्सिसायक्लिनवर तुलनेने कमी, तर टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिनवर अधिक होतो. अॅमॉक्सिसिलिनसारख्या औषधांना ही अडचण सहसा येत नाही. म्हणूनच ‘अँटिबायोटिक चालू आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान न मानता त्याचे नाव पाहणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचे प्राण घेतले. आजही पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना डॉक्सिसायक्लिन दिले जाते. अशा रुग्णाच्या रक्तात औषध पुरेसे पोहोचले नाही, तर त्याचे मोल तो स्वतः मोजतो आणि दोष कोणाचा हे कधीच उमगत नाही. शिवाय अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधास दाद देईनासे होतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात दिला होता.

वस्तुतः औषधसेवनकालाचे महत्त्व आपणांस कोणी नव्याने शिकवावयास नको. सुश्रुतांनी दहा, तर शार्ङ्गधरांनी पाच औषधकाल सांगितले आहेत. तोच विवेक येथे लावावयाचा आहे. डॉक्सिसायक्लिन व कॅल्शियमयुक्त भस्मे यांत किमान दोन ते तीन तासांचे अंतर असावे. सिप्रोफ्लॉक्सासिन भस्मापूर्वी दोन तास किंवा भस्मानंतर सहा तासांनी घ्यावे. लोहभस्म व मंडूर तर डॉक्सिसायक्लिन चालू असेपर्यंत थांबवणेच इष्ट. कारण हे औषध पित्तावाटे पुन्हा आतड्यात येते व अंतर ठेवूनही लोहाशी त्याची गाठ पडते.

पोटातील व छातीतील जळजळीवर पहिला उपाय साधा आहे. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभे राहून घ्यावे आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. अन्यथा गोळी अन्ननलिकेत अडकून व्रण होतो. त्या दिवसांत प्रखर उन्हापासून त्वचा जपावी. गर्भिणीस हे औषध सामान्यतः देत नाहीत, तेव्हा गर्भधारणेची शक्यता असल्यास मूळ चिकित्सकास कळवावे. अंगावर पित्त उठणे, ओठ वा चेहरा सुजणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसल्यास ‘उष्णतेचा विकार’ म्हणून थंडावा देत न बसता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

आणखी एक पथ्य आपल्या जिभेचे. ‘त्या गोळ्या बंद करा, आमचे पुरे आहे,’ हे वाक्य रुग्णाला आवडते, म्हणून ते योग्य ठरत नाही. औषध किती दिवस घ्यावे हे ज्याने ते दिले त्याने ठरवावे. शंका असल्यास वैद्याने त्या चिकित्सकाशी बोलावे, रुग्णाच्या खांद्यावरून नव्हे.

माझी सूचना अल्प आहे. प्रत्येक रुग्णपत्रिकेवर ‘चालू असलेली अन्य औषधे’ असा एक रकाना असावा आणि आपल्या औषधापुढे घड्याळाची वेळ लिहावी. याला खर्च नाही, शास्त्राची हानी तर मुळीच नाही. रुग्ण एकच आहे. त्याच्या कोष्ठात दोन्ही शास्त्रांची औषधे एकत्र येतात. ती एकमेकांच्या आड येऊ नयेत, हे पाहणे वैद्याचेच कर्तव्य होय.