जिन्नाला नुसता सुरमा लावून भागत नाही

भुताला धर्म नसतो, असं भयपटांचे चाहते सांगतात. मीही त्यांच्यातलाच, रामसेंच्या 'पुराना मंदिर'पासूनचा. पण हे पटत नाही. हिंदी पडद्यावर ताविज आणि अरबी पुटपुटणं आलं, की आता काहीतरी अघोरी होणार हे प्रेक्षक लगेच ओळखतो. आमच्याकडे झोपताना पोरांवर दुआ पढून फुंकर मारतात. तीच दुआ तिथे धोक्याची घंटा!

२०१८ चा 'परी' घ्या. अनुष्का शर्माची रुखसाना इफ्रीतची अवलाद, तिच्या मागावर प्राध्यापक कासिम अली. सैतान मुसलमान, शिकारीही मुसलमान. मुलांची फी भरणारा, दुकान उघडणारा मुसलमान कुठाय? अनुष्काने काम झकास केलंय, म्हणून तर जास्त चीड येते.

उलट बाबक अन्वरीचा 'अंडर द शॅडो' (२०१६) पाहा. इराण-इराक युद्धातलं तेहरान. शिदेहला जुन्या राजकारणापायी डॉक्टरकीचं शिक्षण नाकारलेलं, इमारतीवर न फुटलेलं क्षेपणास्त्र पडलेलं, मुलीची बाहुली हरवलेली. जिन्नाच्या भीतीने ती मुलीला उचलून रस्त्यावर पळते, तर डोकं उघडं म्हणून तिलाच पकडतात. घरात जिन्न, बाहेर पहारेकरी, जावं कुठे? पडद्यावर सगळेच मुसलमान, त्यामुळे मुसलमान असणं हीच भीती उरत नाही.

'ते इराणी, आपल्याकडे कसं जमेल?' जमलंय की, 'परी'च्याच वर्षी. 'घूल'मध्ये राधिका आपटेची निदा रहीम सगा बाप सरकारच्या हवाली करते. घूल अरबी कथांमधला, पण काटा येतो तो त्या कोठडीने.

तेव्हा लेखकांनो, जिन्न खुशाल आणा. आधी तो ज्या घरात शिरतो, तिथली माणसं तरी दाखवा.