मुक्कामी सहलीच्या यादीत मुली का नसतात?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. सरकारी कागदातले 'माजी मालगुजारी' तलाव इथे 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. त्यांच्या जोडीला तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी चांदपूरचा जलाशय आहे. पाणी, टेकडी, जंगल, पक्षी. मुलांना घेऊन तंबूत एक रात्र काढायला आणखी काय हवे?

पण मुक्कामी सहलीची यादी लागली की मुलींची नावे गळतात. मुस्लिम मुलींची सगळ्यात आधी. मग ठरलेले वाक्य ऐकू येते, "त्यांच्यात पाठवत नाहीत." मला हे पटत नाही. मी पालकांशी उर्दूतही बोलते आणि मराठीतही. दोन्हीकडचे प्रश्न सारखेच असतात. सोबत बाई कोण? शौचालय कुठे? रात्री राखणीला कोण? पाण्यात उतरवणार का? यात मागासलेपण कुठे आले? ही साधी काळजी आहे. आपण उत्तरे देत नाही आणि दोष मात्र त्यांच्या घराला देतो.

सुरुवात दिवसभराच्या सहलीने करा. चार मुलींच्या आईंना सोबत न्या. नावेत बसवण्याआधी लाइफ जॅकेट घाला. गावातल्या ढिवर मासेमाराला बोलवा. मासे, वारा, पाण्याची खोली त्याच्याइतकी आपल्याला ठाऊक नाही. तो दिवस नीट गेला, तर पुढच्या वर्षी मुक्कामाची परवानगी मागायला आईच पुढे येईल. बी.एड.ला आपण 'परिसरातून शिक्षण' शिकलो. त्या परिसरावर मुलींचाही हक्क आहे.